तिलेक मोठा होतो

“यात होतं काय?” दुकानदारीणबाईंनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहत विचारलं.

“मुलगा मोठा होतो,” बुरुल म्हणाली.

“मग?”

“मग काय? मोठा होतो. शाळेत जातो, गणितात नापास होतो, लष्करात जातो, लग्न करतो.”

“कुणी मरत-बिरत नाही?”

“नाही,” बुरुल ठासून म्हणाली. “कुण्णी मरत नाही.”

दाराशी पुस्तकांचं खोकं छातीशी धरून उभा असलेला तिचा नवरा इशेनबाय स्वतःच्या बुटांकडे बघू लागला.

सरोवराकाठच्या काराकोल गावातल्या त्या दुकानात वह्या, रंगपेट्या आणि पृथ्वीचे गोल मांडून ठेवले होते. “आपा, रागावू नका,” बाई म्हणाल्या, “पण कादंबऱ्या घेतं कोण हल्ली? त्यात किर्गिझ भाषेतल्या!”

“तुझा मुलगा कितवीत आहे?”

“सहावीत.”

“आणि गणितात?”

“नाव नका काढू हो.”

“मग तूच वाच आधी. बाप शाळेत जाऊन मास्तरांसमोर काय बोलतो, ते वाच. पोट धरून हसशील.”

बाई वाचायच्या आधीच हसल्या. तीन प्रती त्यांनी ठेवून घेतल्या, खिडकीत, दोन पृथ्व्यांच्या मध्ये.

बुरुलने सारा जन्म बालवाडीत स्वयंपाक करण्यात घालवला होता. तोंड घट्ट मिटून बसलेल्या पोराला घास कसा भरवायचा, हे जिला ठाऊक, तिला पुस्तक खपवणं काय जड! कादंबरी लिहिली होती त्यांच्या मुलीने, मेरिमने. ती बिश्केकला शाळेत शिकवायची. प्रकाशकाने पुस्तक छापून दिलं आणि विकायचं तुमचं तुम्ही बघा म्हणाला. मेरिम तर अशी लाजाळू, की चार अनोळखी माणसं समोर आली तर स्वतःचं नावसुद्धा तिच्या तोंडून फुटायचं नाही. तेव्हा आईने कंबर कसली, बापाने जुनी जिगुली गाडी धुतली आणि सप्टेंबरातल्या त्या सकाळी दोघं पुस्तकं घेऊन सरोवराला वळसा घालायला निघाली.

गाडीत बसल्यावर मेरिमचा इशेनबायला फोन आला. बापाला ती ‘अता’ म्हणायची.

“अता, आईला फार बोलू देऊ नका.”

“वाऱ्याला सांगून बघ एकदा.”

ती हसली. मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही वाचलंत का?”

“वाचतोय,” इशेनबाय म्हणाला. महिनाभर तो हेच उत्तर देत होता.

पुस्तकातला तिलेक खरा होता. मेरिमचा थोरला भाऊ. नऊ वर्षांचा असताना एका दुपारी ट्रकच्या ट्यूबवर बसून तो सरोवरात गेला आणि वारा सुटला. ट्यूब मिळाली. तिलेक मिळाला नाही. हे सरोवर बुडालेल्याला परत देत नाही, असं किनाऱ्यावरची माणसं म्हणतात. कबर खणायला काही हाती आलंच नाही. वर्षाने मुल्लाने दुआ म्हटली, शेजारपाजारी जेवून गेले आणि त्या दिवसापासून इशेनबायने मुलाचं नाव उच्चारलं नव्हतं.

मेरिमच्या पुस्तकात त्या दुपारी वारा पडतो. पोरगा हातांनी पाणी मारत किनाऱ्याला लागतो, आईची एक सणसणीत थप्पड खातो आणि तिथून पुढे मोठा होत जातो. बस, एवढंच. बुरुलने ते पुन्हा पुन्हा वाचलं होतं. इशेनबाय वारा सुटतो तिथवर आला आणि खूण घालून थांबला.

त्याला रडू येण्याची भीती नव्हती. त्याच्यापाशी त्याचा स्वतःचा एक तिलेक होता आणि हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बालिक्चीच्या धक्क्यावर मालवाहू बोटींची इंजिनं इशेनबाय दुरुस्त करत असताना तो मनातला मुलगा शेजारी येऊन उकिडवा बसायचा, दरसाल थोडा थोडा वाढत. त्याला मिसरूड फुटली, त्याचा आवाज फुटला, मग खांदे भरले. बोटी बंद पडल्या, धक्का गंजला, इशेनबाय काराकोलला येऊन टॅक्सी चालवू लागला, तर तो मागच्या सीटवर येऊन बसला. कधी बोलायचा, कधी खिडकीला डोकं टेकून झोपायचा. छापलेला तिलेक घरात आला की आपला निघून जाईल, असं इशेनबायला वाटत होतं.

उत्तर किनाऱ्याच्या रस्त्यावर ऊन दुधासारखं सांडलं होतं. सरोवरावर धुकं पसरलेलं; त्यामुळे पलीकडच्या डोंगरांचे पाय दिसत नव्हते, नुसती बर्फाची शिखरं हवेत तरंगत होती. बुरुल पेंगत होती. आरशात इशेनबायला मागच्या सीटवर एक माणूस दिसला, कपाळ थोडं मोठं झालेला. ‘अता, तिसरा गिअर खरखरतोय,’ तो माणूस म्हणाला. ‘ऐकू येतंय मला,’ इशेनबाय मनात म्हणाला आणि क्लच नीट दाबला.

चोल्पोन-आताच्या दुकानात गर्दी होती. तिथे एका बाईने पुस्तक विकत घेतलं आणि मलपृष्ठावरची ‘माझ्या भावाची गोष्ट’ ही ओळ वाचून विचारलं, “आपा, लेखिका तुमची मुलगी ना? मग हा तिलेक तुमचाच मुलगा? असतो कुठे आता?”

“बालिक्चीला,” बुरुल म्हणाली. “रेल्वेत आहे. दोन मुलं आहेत त्याला.”

“वा! नशीबवान आहात.”

“आहे खरी,” बुरुल म्हणाली.

गाव मागे पडलं, तसं इशेनबाय म्हणाला, “काय सांगितलंस तिला?”

“पुस्तकातलंच सांगितलं.”

“तिनं पुस्तकाबद्दल नव्हतं विचारलं.”

“मग काय सांगायला हवं होतं? ती बाई खुशीत पुस्तक घेऊन घरी चालली होती.” बुरुलने रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. “आणि तुम्ही कोण विचारणारे? वाचलं तरी आहे का तुम्ही? पुस्तकात तुम्ही त्याची पहिली दाढी करता. हनुवटीला वस्तरा लागतो. तो ओरडत नाही, तुम्हीच ओरडता.”

इशेनबायने काच खाली केली. वारा आत आला.

“आता बालिक्चीलाच चाललोय आपण,” तो म्हणाला. “तिथं कुणी म्हणालं, बोलवा त्याला, तर?”

“तर रात्रपाळीला आहे म्हणेन,” ती म्हणाली. पण तिच्या आवाजात नेहमीचा ठामपणा नव्हता.

बालिक्चीचं दुकान धक्क्याच्या जुन्या कँटीनमध्ये होतं. तुर्सुनाय नावाच्या निवृत्त ग्रंथपालबाई ते चालवायच्या. त्यांनी शाळेतल्या काही शिक्षिका जमवल्या होत्या, चहाचा समोवार तापला होता आणि ताटात पिठाचे तळलेले गरम बोर्सोक होते. लेखिकेची खुर्ची रिकामी राहू नये म्हणून त्यांनी बुरुलला तिथे बसवलं. इशेनबाय भिंतीशी उभा राहिला. ह्याच भिंतीशी टेकून तो पूर्वी नूडल्सचं सूप प्यायचा.

बुरुल रंगात आली. थप्पड, गणित, मास्तर, वस्तरा... शिक्षिका हसत होत्या, मध्येच डोळे टिपत होत्या. तेवढ्यात दार ढकलून एक थोराड म्हातारा आत आला. सापार. एके काळी धक्क्यावरची मोठी बोट तो चालवायचा. इशेनबाय आलाय असं ऐकून भेटायला आला होता. तो काही बोलणार, तोच पुढच्या रांगेतली एक तरुण शिक्षिका म्हणाली,

“आपा, मुलगा कुठं असतो आता? त्याला भेटायला फार आवडेल मला.”

बुरुलने तोंड उघडलं आणि तिची नजर सापारवर गेली. तिलेक गेला त्या दिवसांत सापारचीच बोट सरोवर पिंजून काढत फिरत होती. रोज संध्याकाळी किनाऱ्याला लागायची आणि तो खाली उतरून नुसती मान हलवायचा. बुरुलच्या हातातली चहाची वाटी कलली. चहा मांडीवर सांडला, तो तिला कळला नाही. शिक्षिका वाट बघत होती.

“इथंच असायचा तो,” भिंतीकडून आवाज आला. “धक्क्यावर. माझ्या हाताखाली.”

सगळ्यांनी माना वळवल्या. इशेनबायने टोपी काढली होती.

“डावखुरा,” तो म्हणाला. “पाना डाव्या हातात धरायचा. बोल्ट कसायला लागला की सगळ्यांची अडचण व्हायची. हा सापार त्याला शिव्या घालायचा.”

सापारने मित्राकडे पाहिलं.

“घालायचो की,” मग तो भरड्या आवाजात म्हणाला. “गाढवा, उजवा हात काय तुझा बाप वापरणार का, म्हणायचो. पण हलका हात होता त्याचा. आजारी इंजिनाला कुरवाळल्यासारखा लावायचा.”

“काम करताना गाणं म्हणायचा,” इशेनबाय म्हणाला. त्याचा श्वास चढला होता, जसा काही तो धावत आला होता. “भयंकर म्हणायचा. सीगल उडून जायचे. चहात साखर घ्यायचा नाही, पण आईनं घातली तर गुपचूप प्यायचा. केस लवकर गेले कपाळावरचे. मी म्हटलं, माझ्यावर गेलास, तर म्हणाला, अता, दुसरं काही देता आलं नाही का?”

खोलीभर हसू पसरलं. बुरुल हसली नाही. नवऱ्याकडे ती अशी बघत होती, जसं काही इतकी वर्षं शेजारच्या खोलीत कोण राहतं ते तिला आज कळत होतं.

“हे पुस्तकात नाहीये,” ती हळूच म्हणाली. “पुस्तकात तो रेल्वेत असतो.”

“नाहीये,” इशेनबाय म्हणाला.

“कधीपासून आहे तो तुमच्यापाशी?”

“पहिल्यापासून.”

बुरुलने वाटी खाली ठेवली. मांडीवरचा ओला डाग हाताने झाकला आणि त्या तरुण शिक्षिकेकडे वळली.

“पोरी,” ती म्हणाली, “माझा मुलगा नऊ वर्षांचा होता, तेव्हा सरोवरात गेला. तो आला नाही. त्याचं पुढचं आयुष्य आम्ही तिघांनी आपापल्याजवळ ठेवलंय. एकीचं छापून आलं, एवढंच.”

समोवारचं पाणी तेवढं गुणगुणत होतं. सापारने भिंतीकडे तोंड फिरवलं होतं. तुर्सुनायबाई उठल्या, त्यांनी बुरुलची वाटी पुन्हा भरली आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून तशाच उभ्या राहिल्या. इशेनबायला वाटलं होतं, की आता काहीतरी कोसळेल. मागची सीट रिकामी होईल. तसं काही झालं नाही. खिडकीबाहेर गंजलेली क्रेन उन्हात उभी होती, पाणी होतं, आणि त्याच्या छातीत जरा जागा झाल्यासारखं वाटत होतं, इतकंच.

तरुण शिक्षिका उठली. टेबलावरची एक प्रत तिने घेतली, पहिलं पान उघडलं आणि पेन पुढे केलं. बुरुलपुढे नाही, इशेनबायपुढे.

“मी कुठं लिहिलंय हे?” तो गडबडला. “मुलगी पुढच्या महिन्यात येईल, तिची घ्या सही.”

“तिची घेईनच, बाबा. तुम्ही पण करा.”

इशेनबाय टेबलापाशी बसला. आयुष्यभर पाने-पकडी धरलेल्या बोटांत ते पेन काडीसारखं वाटत होतं. त्याने बराच विचार केला. मग एकेक अक्षर वळवत लिहिलं, ‘तिलेकचे वडील, इशेनबाय.’ लिहून झाल्यावर त्याने ते पुटपुटत वाचून पाहिलं.

बुरुल वाकली. त्याच्या हातातून पेन घेऊन तिने खाली लिहिलं, ‘आणि आई.’

शाई ओली होती. शिक्षिकेने पुस्तक मिटलं नाही. दोन्ही तळव्यांवर तसंच उघडं धरून, सरोवरावरून येणाऱ्या वाऱ्याने पान उलटू नये म्हणून कडेला अंगठा ठेवून, ती सावकाश पायऱ्या उतरून गेली.