बिनवलयाचा ठिपका

मित्रांनो, मी एक जुना तुकडा आहे. डीएनएचा. मला ट्रान्सपोझॉन म्हणतात. माझा जन्म कधी झाला, कुणालाच ठाऊक नाही. जीवाणूंच्या पोटात इकडून तिकडे उड्या मारायच्या आणि ज्या जनुकात घुसेन त्याचे काम बंद पाडायचे, हाच माझा उद्योग. उपद्रवीच होतो म्हणा ना!

पुढे शास्त्रज्ञांनी मला वळण लावले. एकदाच उडायचे आणि तिथेच मुक्काम ठोकायचा. शिवाय माझ्या अंगी एका औषधाला दाद न देण्याचा गुण घातला. त्या औषधात जो जीवाणू तगेल, त्याच्यात मी असणारच. माझी खोडी अशी कामी येईल, असे मला कधी वाटले नव्हते.

१९९४ साली मी लखनौच्या एका प्रयोगशाळेत आलो. तिथे अनघा पीएचडी करत होती. शहराबाहेर, तेलीबागेपलीकडच्या ऊसर, नापीक जमिनीतला तिचा जीवाणू मातीत अडकलेला फॉस्फरस मोकळा करी. जीवाणू वाढवायच्या काचेच्या दुधाळ थाळीवर त्याच्या वसाहतीचे ठिपके दिसत, आणि फॉस्फरस विरघळला की प्रत्येक ठिपक्याभोवती स्वच्छ वलय उमटे. हे काम कोणते जनुक करते, ते तिला शोधायचे होते. उन्हाळ्याच्या आत सापडले नाही, तर विषयच बदलावा लागणार होता. बिचारी काळजीने वाळली होती.

तिने आम्हांला त्या जीवाणूंत सोडले, आणि माझी भावंडे हजारो जीवाणूंत शिरली. मी मात्र नेमका त्याच जनुकात जाऊन बसलो. माझ्या ठिपक्याला वलय उमटले नाही. मी हरखून वाट पाहू लागलो. पण सर्वांत कामसू जीवाणू हेरण्यासाठी अनघाने त्याआधी दोन वर्षे सर्वांत मोठे वलय निवडण्यातच घालवली होती. हात सवयीने चालले. तिने मोठमोठ्या वलयांचे ठिपके काडीने उचलले आणि थाळ्या टोपलीत टाकल्या. टोपली वाफेच्या भांड्याकडे निघाली, जिथे एकही जीवाणू जिवंत राहत नाही.

तेवढ्यात तिच्या मार्गदर्शक पद्मिनी मॅडम डोकावल्या.

"अगं, सब्जी निवडतेस का? अच्छी-अच्छी काढलीस! आपल्याला बिघडलेला हवाय ना?"

अनघाने कपाळावर हात मारला आणि धावत सुटली. "भैया, रुको! बटन मत दबाना!"

"अरे बिटिया, अभी तो ढक्कन भी नहीं कसा," भांड्यापाशी उभे असलेले मदतनीस रामसजीवन भैया म्हणाले.

तिने फरशीवर बसकण मारून एकेक थाळी उजेडात धरली. "मॅडम, हा बघा! छान वाढलाय, पण वलयच नाही!" तिचे डोळे भरून आले, आणि खरे सांगतो, माझाही ऊर भरून आला.

माझ्याच खुणेवरून तिने मोडलेल्या जनुकाचा पत्ता काढला. त्या जनुकाची धड प्रत जीवाणूला परत दिली, तेव्हा वलय पुन्हा उमटले. त्या संध्याकाळी हजरतगंजच्या बाजारातून सगळ्यांसाठी चाट आली.

आता मी फ्रीझरमध्ये एका नळीत सुखाने पडून आहे. नळीवर बर्फ साचला आहे, शाई पुसट झाली आहे. माझी तक्रार नाही. एवढेच मागणे आहे, मित्रांनो: ज्याच्याभोवती वलय नाही, त्याला टाकून देण्याची घाई करू नका. आधी उजेडात धरा. त्याच्यात मी बसलेला असेन.