थांबलेली पेन्सिल

गुरूची विद्या गुरूला, असं लोक मजेत म्हणतात. म्हणणाऱ्यावर ती वेळ आलेली नसते, म्हणून म्हणतात.

विद्यापीठाच्या मेंदूविकार विभागात मी लोकांची स्मरणशक्ती तपासते. पाच शब्द सांगायचे, मध्ये समोरच्याला गप्पांत गुंतवायचं आणि मग तेच शब्द परत विचारायचे. ऐकायला पोरखेळ वाटतो, पण भल्याभल्यांची त्रेधा उडते. ही चाचणी आमच्या सरांनी बसवली आणि मलाही त्यांनीच शिकवली. उत्तर बरोबर असो की चूक, पेन्सिल चालत राहिली पाहिजे, असा त्यांचा दंडक. पेन्सिल अडली की समोरच्याला चूक कळते. मला ते मास्तरीणबाई म्हणतात.

त्या दिवशी सकाळी काकूंचा, म्हणजे सरांच्या पत्नीचा, फोन आला. सर घरात एकच गोष्ट दोनदोनदा विचारतात, हे त्यांनी आजवर वयावर ढकललं होतं. पण आदल्या संध्याकाळी सरांनी रक्तदाबाची गोळी घेतली, पेला विसळला आणि परत गोळीची पट्टी हातात घेतली. काकूंनी अडवलं तर उलट त्यांच्यावरच खेकसले.

"उद्या ते त्या बाईच्या पाठीत सुई घालणार आहेत ना गं?" काकूंनी विचारलं. "औषध देऊन झालंय हेच विसरले तर?"

नव्या औषधाच्या प्रयोगातली पहिली पेशंट शिवणकाम करणारी बाई होती. हल्ली तिला सुईत दोरा ओवता येत नव्हता, हात थरथरायचे. औषध थेट मणक्यात द्यायचं होतं, आणि दुप्पट गेलं तर बाई टेबलावरून उठलीच नसती. या प्रयोगासाठी सरांनी जिवाचं रान केलं होतं. मला भयंकर राग आला होता. कुणाचा, ते मात्र सांगता आलं नसतं.

दुपारी मी त्यांच्या खोलीत गेले. नवे शब्द बसवलेत, आधी तुमच्यावर करून बघते, असं धडधडीत खोटं बोलले. सर हसले.

"सोनारानं कान टोचावेत म्हणतात. तू तर सोनाराचेच टोचायला निघालीस."

ते स्वतःहून पेशंटच्या खुर्चीत बसले. मी शब्द सांगितले: कात्री, विहीर, माकड, उशी, कंदील. त्यांनी ते लगेच म्हणून दाखवले, एकही चुकला नाही. मग मी उद्याचा विषय काढला. बाईला कुशीवर कसं निजवायचं, सुई किती सावकाश सरकवायची, श्वासाकडे कुणी लक्ष ठेवायचं, सगळं त्यांनी इतकं चोख सांगितलं की मला माझीच लाज वाटली. काकूंना उगाच भलतंसलतं वाटतंय, असं मनात आलं. तसंच असू दे, असंही आलं.

मग मी शब्द विचारले.

सर मागे रेलले. "चमचा, पायरी, घोडा, लिंबू, छत्री."

अडखळले नाहीत की आठवायला थांबले नाहीत. ते त्यांच्या जुन्या चाचणीतले शब्द होते, वर्षानुवर्षं आम्ही दोघांनी शेकडो पेशंटना सांगितलेले.

"सर, मी आज दिलेले शब्द."

"तेच तर सांगितले."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू ओसरलं. ते माझ्याकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते.

"पेन्सिल थांबली तुझी," ते म्हणाले.

मी घाईघाईने काहीतरी खरडायला लागले.

"आता काय उपयोग, मास्तरीणबाई?"

मला रडू फुटेल असं वाटलं. त्यांनी मात्र शांतपणे फोन उचलला आणि विभागातल्या धाकट्या डॉक्टरांना सांगितलं की उद्याची सुई तुम्ही घालायची, मी बाहेर बसेन. कारण दिलं नाही. फोन ठेवला, चष्मा काढून पुसला, परत लावला. खिडकीबाहेर बघत राहिले.

मग त्यांनी पुन्हा फोन उचलला.

"धाकट्या डॉक्टरांना कळवायला हवं," ते म्हणाले. "उद्या सुई त्यांनीच घालावी."

मी मान खाली घालून लिहीत राहिले. या वेळी पेन्सिल थांबू दिली नाही.