गाठवाल्या गुरुजींचा ओला पट्टा

गाठवाल्या गुरुजींकडे जाण्यात काटेबाईचा फायदा एकच होता, पण तो तिला लाखमोलाचा वाटत होता: डॉक्टरांच्या दवाखान्याचा जिना चढावा लागणार नव्हता. जिना काही उंच नव्हता, अवघ्या चौदा पायऱ्यांचा. पण वर पोचलं की समोरच्याच भिंतीवर तिचे स्वतःचे दोन फोटो टांगलेले. एकात ती एकशे अठरा किलोंची. दुसऱ्यात, पोट लहान करण्याच्या ऑपरेशननंतर वर्षभराने, एकोणऐंशीची, जुन्या कपड्यांतली रिकामी जागा चिमटीत धरून हसणारी. खाली मोठ्या अक्षरांत, 'मनात आणलं तर होतं.'

आता काटेबाई पुन्हा एकशे चारवर आली होती. त्या फोटोखालच्या बाकावर बसून "डॉक्टर, पुन्हा काही करता येईल का हो?" असं विचारायचं, म्हणजे आपल्याच सत्काराला चोर म्हणून हजर राहायचं.

आणि गुरुजींच्या सभागृहात? तिथे सगळे चोरच चोर. फर्निचरच्या दुकानावरचा तो लांबोडका हॉल अशाच माणसांनी भरलेला असे. कुणाचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं, कुणाचं पाच. वजन उतरलेलं, पेढे वाटून मिरवलेलं, आणि मग गुपचूप मागच्या दाराने परत आलेलं.

काटेबाईला तिथे नेलं तिच्या थोरल्या जावेने, अक्काने. ऑपरेशननंतर तीन महिने अक्कानेच तिला चमच्याचमच्याने पातळ सूप भरवलं होतं. ते सूप वाया गेलं हे अक्काला सहन होईना.

"अगं, एकदा बघ तर," अक्का म्हणाली. "कापाकापी नाही, सुई नाही. बाहेरूनच गाठ मारतात म्हणे."

गुरुजी बोलायला मोठे गोड. पांढरा झब्बा, हातात सुताची लडी.

"डॉक्टर काय करतो? पोट लहान करतो. पण पोट म्हणजे काय? पिशवी! पिशवी सैल होणारच. आम्ही पिशवीला हात लावत नाही. आम्ही पिशवीचं तोंड बांधतो!" मग आवाज खाली आणून, "डॉक्टरने कुलूप लावलं खरं, पण किल्ली ठेवली कुठे? तुमच्याच तोंडात!"

लोक हसले. खूप दिवसांनी कुणीतरी त्यांच्या पोटाबद्दल बोलत होतं आणि ते हसत होते.

पद्धत अशी होती. फी नाही, फक्त चूर्णाचा डबा विकत घ्यायचा. संध्याकाळी प्रवचन चाले दीड तास. तेवढ्यात प्रत्येकाने मंतरलेल्या पाण्याच्या तीन बाटल्या घोट घोट संपवायच्या. मग कमरेला जाडजूड सुती पट्टा, तोही ओला. 'कोरड्या पोटाला गाठ बसत नाही.' पट्ट्यासकट काट्यावर उभं राहायचं. सेवक आकडा पुकारणार, वहीत लिहिणार. मग गुरुजी पट्ट्यावर सुताची गाठ मारणार. तिथून पुढे दोन दिवस पोट धरून पळवणारं चूर्ण, नुसत्या पेजेवर उपास, डॉक्टरांच्या गोळ्या बंद, कारण 'गोळ्यांनी गाठ सुटते.' तिसऱ्या दिवशी सकाळी अनशापोटी यायचं. पट्टा उतरवून पुन्हा काटा.

काटेबाईचा पहिला आकडा आला एकशे सात पूर्णांक सात. तिसऱ्या दिवशी एकशे तीन पूर्णांक चार.

"सव्वाचार किलो!" सेवक ओरडला, आणि टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्काने डोळे पुसले. काटेबाईही रडली, आणि घरी येऊन आरशासमोर वळून वळून पाहत बसली. कमी झालं होतं म्हणे. कुठून, ते दिसत नव्हतं.

आता ही काटेबाई काटेबाई का, ते सांगायला हवं. भंगाराच्या मोठ्या वखारीच्या फाटकावर जमिनीत बसवलेला ट्रक तोलायचा काटा आहे. त्याच्या शेजारच्या काचेच्या खोलीत ती चौदा वर्षं बसते. भरलेला ट्रक तोलायचा, माल उतरला की रिकामा तोलायचा, वजाबाकी म्हणजे माल. या वजाबाकीत माणूस काय काय लबाडी करू शकतो याचं काटेबाईइतकं शिक्षण कुणाचं झालेलं नाही. (पावत्यांच्या गुंडाळ्यांच्या खोक्यात ती बिस्किटं लपवायची आणि दिवसभर गोड चहात बुडवून खायची, हेही त्याच खोलीतलं. लहान केलेल्या पोटाला भाकरी अडते, भिजलेलं बिस्किट सरसर उतरतं. ते तिने आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं.)

टाळ्यांनंतरच्या आठवड्यात एक ट्रकवाला आला. भरलेल्या तोलाला त्याच्या ट्रकवर पाण्याचं पिंप काठोकाठ होतं. रिकाम्या तोलाला ते ठणठणीत.

"काय रे, पिंप कुठे ओतलंस?"

"गाडी धुतली, बाई."

"गाडी धुतलीस की मला? दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो. भरून तोललंस, ओतून तोललंस. मधल्या पाण्याचा काय माल झाला?"

ट्रकवाला दात काढून म्हणाला, "बाई, तुमच्या काट्यावरून माशी सुटायची नाही."

काटेबाईने पावती फाडायला हात उचलला आणि तो तसाच राहिला. भरून तोललं, ओतून तोललं. तीन बाटल्या. ओला पट्टा.

चौदा वर्षं ट्रकवाल्यांना जे धरलं, ते स्वतःच्या कमरेला बांधून ती टाळ्या घेऊन आली होती!

तुम्हाला वाटेल, आता ती तडक उठून हॉलवर गेली असेल. छे. ती गप्प बसली. अक्काला सांगितलं नाही, नवऱ्याला सांगितलं नाही. डॉक्टरांकडे हरले, गुरुजींकडे फसले. दोन्ही सांगायचं तर तोंड कुठे न्यायचं? शरमेचं असंच आहे, ती फसवणाऱ्याची फुकटातली राखणदार होते. दुसऱ्या गाठीचा दिवस आला तेव्हाही ती अक्कासोबत मुकाट निघाली. 'नको' म्हणायचं तर 'का' ते सांगावं लागलं असतं.

हॉलमध्ये तिच्या शेजारी शाळेची बस चालवणारा बसला होता. त्याची पाचवी गाठ. त्याने चपला काढल्या होत्या आणि तो पावलं चोळत होता.

"काय झालं, दादा?"

"मुंग्या येतात हो, ताई. गोळ्या सोडल्यापासून. पहिल्यांदा बोटांना, आता घोट्यापर्यंत." तो कसनुसा हसला. "ब्रेकवर पाय आहे की नाही ते खाली वाकून बघावं लागतं."

"गुरुजींना सांगितलंत?"

"ते म्हणाले, मुंग्या म्हणजे चरबी वितळतेय."

"आणि बसमध्ये मुलं किती?"

"चाळीस."

तेवढ्यात काट्यापाशी सेवकाने काटेबाईला पुकारलं. ती उठली. पाणी तिने प्यायलंच नव्हतं. तिन्ही बाटल्या हातात तशाच भरलेल्या. तिने त्या आणि पट्टा अक्काच्या मांडीवर ठेवला आणि कोरडीच काट्यावर चढली.

"अहो, पट्टा!" सेवक म्हणाला.

"आधी आकडा सांगा."

"एकशे चार पूर्णांक एक."

"आता थांबा हं. अक्का, पट्टा आण. भिजलेलाच. आणि बाटल्या."

अक्काने गोंधळून सगळं दिलं. काटेबाईने पट्टा खांद्यावर टाकला, बाटल्या छातीशी धरल्या. "आता?"

सेवक पुकारेना. पुढच्या रांगेतल्या एका म्हातारीने मान लांब करून वाचलं, "एकशे सात पूर्णांक दोन!"

"बघा," काटेबाई म्हणाली. "अर्ध्या मिनिटात मी तीन किलोंनी जाड झाले. पाणी पोटात असलं काय नि हातात असलं काय, काट्याला सारखंच. संध्याकाळी आपल्याला भरून तोलतात, सकाळी ओतून तोलतात. वरचा किलोभर चूर्णाबरोबर संडासात जातो. गाठीने एक गुंजही जात नाही."

गुरुजी हसले. हसू चांगलं सरावाचं होतं. "ताई, श्रद्धा काट्यावर मोजता येत नाही."

"मग काटा ठेवलाय कशाला?"

कुणीतरी फिस्सकन हसलं.

"तुमचं मन आधीच हरलेलं आहे," गुरुजी गर्दीकडे वळून म्हणाले. "विचारा यांना, ऑपरेशन का फसलं? खाणं सुटलं का यांचं?"

हाच तो प्रश्न. इथे बसलेला प्रत्येक जण त्याला चुकवत इथवर आला होता, आणि गुरुजींना ते पक्कं ठाऊक होतं.

"नाही सुटलं," काटेबाई म्हणाली. मान खाली होती, पण शब्द ऐकू येत होते. "कामावर बिस्किटं लपवून खाते. रोज दोन पुडे. डॉक्टरांना तोंड दाखवायची लाज वाटते म्हणून तुमच्याकडे आले. पण या दादांच्या पायांना कळेनासं झालंय. ऑपरेशन झालेल्या पोटाला जन्मभर गोळ्या लागतात, हे डॉक्टरांनी आपल्या प्रत्येकाला सांगितलंय. यांनी तुमच्या शब्दावर त्या सोडल्या. दादा, उद्या बस काढायची नाही. माझ्याबरोबर चला."

बसवाला अनवाणीच उठला. मागोमाग आणखी चौघं. बाकीचे बसून राहिले. आपलं वहीतलं उतरलेलं वजन सोडून जायला जिवावर येतं.

खाली रस्त्यावर अक्का फणफणली, "चारचौघांत बिस्किटं कशाला काढलीस?" चार पावलं चालून मग हळूच म्हणाली, "दोन पुडे? अगं, मला तरी सांगायचंस."

चौदा पायऱ्या चढताना काटेबाई दोनदा थांबली. डॉक्टरांनी आधी बसवाल्याला तपासलं, त्याचं रक्त घेतलं, त्याच दिवशी इंजेक्शनं सुरू केली. मग तिच्याकडे वळले.

"दोन वर्षं का आला नाहीत?"

तिने बोट भिंतीकडे केलं. डॉक्टर फोटोकडे बघत म्हणाले, "खरंय. सगळ्यात कमी वजनाच्या दिवशी काढून घेतला मी तो. नंतर तोललंच नाही." त्यांनी स्वतः उठून फ्रेम उतरवली, आणि कुठे ठेवावी ते न कळून टेबलाखाली सारली.

मग ते सरळ बोलले. वजन पुन्हा वाढणं बऱ्याच जणांना होतं. कधी पोट सैलावतं, कधी खाणं बदलतं, पुष्कळदा दोन्ही. आधी दुर्बीण घालून बघू. दुसरं ऑपरेशन लागेल किंवा लागणार नाही. लागलं तर ते पहिल्यापेक्षा अवघड, आणि खात्री कशाचीच नाही.

"खात्री नाही?" अक्काने विचारलं.

"नाही."

काटेबाईला बरं वाटलं. चौदा वर्षांत तिने पाहिलं होतं, ज्याचा माल पक्का असतो तो उगाच शपथा घेत नाही.

वाचणाऱ्यांनो, कुणी चमत्कार तोलून दाखवला, तर एवढंच विचारा: पहिल्यांदा कधी तोललं, दुसऱ्यांदा कधी, आणि मध्ये काय काढलं? शिक्षण लागत नाही त्याला. आणि शरीराचं काही बिघडलं, उपचार फसला, तर ज्या डॉक्टरने तो केला त्याच्याकडेच परत जा. परत जाणं हा गुन्हा नाही.

राहिला हिशेब. गुरुजींनी महिनाभरात हॉल सोडला. भरलं काहीच नाही. डॉक्टरांनी एक फ्रेम भरली. काटेबाईने दोन वर्षं भरली, आणि दुर्बिणीच्या तारखेची वाट पाहताना अजूनही काही भरते आहे. बसवाला चार महिन्यांनी पुन्हा स्टिअरिंगवर बसला. त्याच्या डाव्या पायाच्या दोन बोटांना मात्र अजून चप्पल कळत नाही.