गालावरचा वांग

दूध पिऊन झालं की माझी लेक ओले ओठ माझ्या गालाला लावते आणि मगच डोळे मिटते. नेमक्या त्याच गालावर गरोदरपणात वांग आलाय, चहा सांडल्यासारखा.

रजा संपवून सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात कामावर गेले, तर मालकीणबाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"अगं, हे काय करून घेतलंस? हा चेहरा बघून कोण क्रीम घेईल?" त्यांनी नव्या क्रीमची डबी हातात ठेवली. "रोज रात्री लाव. डाग जाईपर्यंत मागे माल लावत बस."

काउंटर म्हणजे माझा जीव की प्राण. घरी येऊन डबीवरची बारीक अक्षरं वाचली. रेटिनॉल. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनी वापरू नये.

"बोटभर लावलंस तर काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या.

"आई, ही गाल चाटते हो."

त्यांनी नातीकडे पाहिलं. "चाटरी कुठली! मग नको गं बाई."

त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं: गरोदरपणातल्या हार्मोन्समुळे त्वचेत रंग साठतो, ऊन तो गडद करतं. उन्हापासून जपायचं, सनस्क्रीन लावायचं, घरी आल्यावर धुऊन टाकायचं. वांग बहुतेकदा फिका पडतो, कधी राहतोही.

राहू दे राहिला तर.

दुसऱ्या दिवशी डबी परत केली. "बाई, हे मी लावणार नाही. आणि मागेही बसणार नाही."

"म्हणजे शहाणपण मला शिकवणार तू?"

तेवढ्यात एक पोटुशी बाई आली आणि तीच डबी मागू लागली. मालकीणबाई काही बोलायच्या आत मी काउंटरमागे शिरले.

"ताई, ही आत्ता नको. बाळ होऊ दे, पाजणं सुटू दे. तोवर हे सनस्क्रीन."

ती माझ्या गालाकडे बघतच राहिली. "तुम्हालाही आहे की!"

"आहे ना. मीही हेच लावते."

ती छोटी ट्यूब घेऊन गेली. मालकीणबाईंचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला.

"महागातली डबी परत ठेवलीस. ती बाई पुन्हा येणार आहे का?"

"येईल. आणि मलाच विचारेल."

मालकीणबाईंनी काउंटरवरच्या बाटल्या इकडच्या तिकडे केल्या. मग म्हणाल्या, "उद्या वेळेवर ये. निदान पावडर तरी लाव त्यावर."

"वेळेवर येईन," मी म्हटलं.

घरी आले, साबणाने तोंड खसखसून धुतलं आणि लेकीपुढे गाल केला.