फलकावर न लागलेला नकाशा

निवाऱ्याचा नकाशा मी काढला तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती, आणि कुठेही गेले की मी आधी बाहेर पडायच्या वाटा मोजायचे. दवाखान्यात, दुकानात, अगदी नणंदेच्या नव्या घरातसुद्धा. नगरपालिकेच्या बांधकाम विभागात मला ‘काळजीबाई’ म्हणायचे ते काही उगाच नाही. घरच्या मारहाणीतून मुलांना घेऊन निघालेल्या बायकांसाठी पालिका एक जुनी इमारत दुरुस्त करत होती. तिला मी मागून दुसरं दार दिलं, रस्त्याकडच्या खिडक्या उंच घेतल्या, अंगण आतल्या बाजूला ठेवलं. सगळं मंजूर झालं. मी स्वतःवर बेहद्द खूश होते.

मग अभिलेख विभागाच्या काकांनी माझ्या टेबलावर नोटीस आणून ठेवली. निवारा, पूर्ण पत्ता, सोबत माझाच नकाशा. मागच्या दाराला बाणसुद्धा.

“सही कर. उद्यापासून तीस दिवस फलकावर.”

“काका, हे बाहेर लावायचं?”

“मग काय घरी न्यायचं? पालिकेची इमारत म्हटली की नकाशा फलकावर. एकतीस वर्षांत मी एक शौचालय सोडलेलं नाही.”

निवाऱ्यात सगळ्यात आधी एक शिक्षिका येणार होती, दोन मुलांना घेऊन. तोवर ती एका नर्सच्या खोलीत दडून राहिली होती. खोल्या कशा हव्यात ते विचारायला मी तिला भेटले होते. तिच्या नवऱ्याला कोर्टाने जवळ फिरकायची आणि तिचा शोध घ्यायचीही मनाई केली होती, तरी त्याने तिला दोनदा हुडकून काढलं. एकदा मुलांच्या शाळेच्या दाखल्यावरून, एकदा गॅसच्या अर्जावरून. “तो आरडाओरडा करत नाही हो,” ती म्हणाली होती. “तो कागद मागतो. नम्रपणे.”

मी सही केली नाही. दुपारच्या समितीच्या बैठकीला नोटीस घेऊन गेले.

पत्ता जाहीर करू नका, एवढंच मी म्हणाले, तर एक ज्येष्ठ सदस्य उखडलेच. “म्हणजे उद्घाटन नाही? कोनशिला नाही? चांगलं काम करायचं आणि तेही चोरासारखं?”

“साहेब, कोनशिलेवर पत्ता लिहायची गरजच नसते. ती जिथे बसवाल, तोच पत्ता.”

सभापतीबाईंनी हसू दाबलं आणि काकांकडे पाहिलं. “नियम काय म्हणतो?”

“नियम म्हणतो, फलकावर,” काका म्हणाले. “आज हिला सूट दिली की उद्या सगळे रांगेत.”

मी काकांकडे वळून विचारलं, “काका, पाण्याच्या मोठ्या टाकीचा नकाशा फलकावर कधी लावला होता?”

“टाकीचा?” काका माझ्यावरच चढले. “डोकं ठिकाणावर आहे का तुझं? उद्या कोणी जाऊन विष कालवेल! ते नकाशे लाख लावलेल्या पाकिटात, माझ्या कपाटात. किल्ली मी बायकोलाही देत नाही.”

काका तसेच उभे राहिले. मग चष्मा काढून पुसू लागले.

“तसं बघितलं तर,” ते सावकाश म्हणाले, “नियमात टाकी असं कुठे लिहिलेलं नाही. जिवाला धोका पोचेल अशी जागा, असं आहे.” चष्मा परत डोळ्यांवर चढला. “एकतीस वर्षं मी फक्त टाक्याच ठेवल्या त्यात.”

“ठराव लिहून घ्या,” सभापतीबाई म्हणाल्या.

“आणि कोनशिला?” त्या ज्येष्ठ सदस्यांनी विचारलं.

“तुमच्या बंगल्याला लावा.”

एकमताने मंजूर. दुरुस्ती संपल्यावर शिक्षिका मुलांसह राहायला गेली.

तीन आठवड्यांनी तो आला. इस्त्रीचा शर्ट, चापून बसवलेले केस, हातात फाइल. काकांच्या खिडकीशी उभा राहून म्हणाला, “बायको-मुलं निवाऱ्यात आहेत माझी. धाकट्याचं औषध द्यायचंय. सार्वजनिक इमारत आहे, नोंद बघायचा मला हक्क आहे.”

मी पलीकडच्या टेबलावरून ऐकत होते.

“आहे ना!” काका म्हणाले. “बसा की.” त्यांनी सहा नोंदवह्या त्याच्यासमोर ठेवल्या आणि बोट ओलं करून एकेक पान उलटायला घेतलं. शाळा, दवाखाने, बागा. “हे शौचालय बघितलंत? फार सुंदर बांधलंय.” दीड तास. त्याच्या मानेवर घामाची रेघ आली.

“मग ती इमारत आहे कुठे?”

“या वह्यांत तर नाही बुवा. लेखी अर्ज द्या. नाव, पत्ता, कोणाला शोधताय, सगळं स्वच्छ अक्षरात.”

त्याने लिहिलं, सही केली. काकांनी धाडकन आवकचा शिक्का मारला. “छान. निवाऱ्याबद्दलच्या अर्जाची एक प्रत पोलीस ठाण्यात जाते. ठरावातच आहे तसं.”

त्याचा हात झटकन खिडकीतून आत आला. काकांनी कागद मागे ओढला.

“अंहं. शिक्का पडला की कागद पालिकेचा.”

तो गेला. संध्याकाळी पोलिसांनी त्याला त्याच्या घरूनच उचललं. कोर्टाचा हुकूम मोडल्याचा पुरावा त्याच्याच सुवाच्य अक्षरात होता.

मी लगेच शिक्षिकेला फोन लावला. “येऊन गेला. सहा वह्या चाळल्या. हाती काही लागलं नाही. आता पोलिसांच्या ताब्यात आहे.”

तिने हळूच विचारलं, “पोरांना अंगणात सोडू? आवाज बाहेर जाईल म्हणून तीन आठवडे खोलीतच ठेवलीत मी.”

“सोडा.”

फोन ठेवायचं ती विसरलीच. कडी निघाल्याचा आवाज आला, आणि मग असा काही गलका उठला की मी फोन कानापासून लांब धरला. पलीकडच्या टेबलावरून काका ओरडले, “अगं, काय झालं?”

“काही नाही, काका. पोरं खेळतायत.”