बांधाला फट ठेवा

मी एक जुनी नदी आहे, मित्रांनो. फिलिपिन्समधल्या लुझॉन बेटावरची. लांबीला आखूड, पण माझ्या पाण्यावरचा भात न जेवता इथे कुणी म्हातारं झालेलं नाही. बढाई नव्हे, आहे ते सांगते.

पाऊसकाळ सरला की वरच्या गावचे लोक माझ्या पात्रात बांबू ठोकतात. मध्ये गोटे, केळीची पानं, वाळू भरतात. झाला बांध! पाणी पाटानं खाचरांत जातं, फटींतून झिरपतं ते खालच्या गावाला. लोंढा आला की पानं-वाळू मी नेते, बांबू उभे राहतात. लोक मला शिव्या घालतात आणि पुन्हा फटी भरतात. आमचा संसार असाच चालतो.

एका वर्षी वरच्या गावचा पुढारी तिबुर्सियो याला शहाणपण सुचलं. त्यानं बांध चिकणमातीनं लिंपून घेतला. "आता थेंब खाली जात नाही!" म्हणाला. खरंच गेला नाही. खालच्या गावात म्हाताऱ्या सेवेराची भाताची रोपं पिवळी पडली. एकटी बाई, तेवढ्या खाचरावर जगणारी. ती रोज कोरड्या पाटाशी येऊन उभी राही. मला मेल्याहून मेल्यासारखं होई.

मग डोंगरात अवेळी पाऊस कोसळला. लिंपलेल्या बांधात मला वाटच नव्हती. मी अंग फुगवलं आणि बांध बांबूसकट नेला. लोंढा ओसरला, आणि बांधाविना माझं पाणी कुणाच्याच पाटात चढेना. आता वरचं गावही कोरडं! नवे बांबू हवेत, आणि बांबूचं बन सेवेराच्या दारात.

तिबुर्सियो टोपी हातात घेऊन आला. "मानांग, थोडे बांबू देतेस?"

थोरल्या बहिणीला इथे मानांग म्हणतात. सेवेरानं तोंडातला चिरूट काढला. "आज बहीण आठवली होय? बस. पाय धुवायला पाणी मात्र नाही हं घरात."

"चुकलं माझं."

"चुकलं म्हटल्यानं रोपं हिरवी होतात का रे? बांबू ने. पण बांध होईस्तोवर मी काठावर बसणार. कुणी चिखलाला हात लावला, तर त्याच बांबूनं..."

"कळलं, मानांग, कळलं!"

बसली की म्हातारी, चिरूट ओढत! बांध उभा राहिला, पानापानांतून मी झिरपले. तिची निम्मी रोपं गेली होती, निम्म्यांनी मान वर काढली. त्या निम्म्यांवर तिनं वर्ष काढलं. पुढच्या वर्षी सगळं खाचर पिकलं.

पोरांनो, मला खुशाल अडवा. पण फट ठेवा. तुमच्या खालीही कुणी राहतं, आणि तुमचा पुढचा बांबू त्याच्याच दारात वाढतो आहे.