गिअर लिंबाजीच्या हातात

“जगात माणसं दोनच प्रकारची. आपला गिअर आपण टाकणारी, अन् ज्यांचा गिअर दुसरंच कुणीतरी टाकतं ती.”

एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर लिंबाजी सोनकांबळे यांनी हे विधान मुखेडच्या आपल्या घरात, भरल्या बैठकीत, उजवा हात वर करून केलं. बैठक गंभीर झाली. भिंतीला टेकलेल्या एकदोघांनी मान डोलावली. मग त्यांची मुलगी पंचशीला पुढं आली, अप्पांच्या हातातलं गेमचं रिमोट तिनं अलगद काढून घेतलं, उलटं होतं ते सुलटं केलं आणि परत त्यांच्या हातात ठेवलं.

ही वेळ का आली, ते आधी सांगायला हवं.

पंचशीला नांदेडला नोकरीला होती. संध्याकाळी खोलीवर आली की टीव्हीला गेम जोडायची आणि मोटारींच्या शर्यती खेळायची. औशाच्या साहेबरावांचा मुलगा शुद्धोधन लातूरला नोकरीला होता आणि संध्याकाळी तोही हेच करायचा. इंटरनेटवरच्या शर्यतीत जगभरातून लोक येतात. तिला वाटायचं हा कुणी ब्राझीलकडचा असावा. त्याचाही तिच्याबद्दल असाच काहीतरी समज होता. एकदा एका वळणावर तिनं त्याला मागून ठोकलं, तेव्हा तिच्या कानातल्या हेडफोनमधून आवाज आला, “डोळे हायेत का बटनं?” ब्राझील तिथंच संपला. पुढं रीतसर भांडणं झाली, ओळख झाली, आणि लग्न ठरलं. दोघांत मतभेद असा एकच राहिला. ती गिअर मॅन्युअलवर ठेवून खेळायची, तो ऑटोमॅटिकवर. तो म्हणायचा, मोजून दोन अंगठे आपले, त्यात स्टिअरिंग सांभाळायचं, ब्रेक सांभाळायचा, वर गिअर कशाला मागून घ्यायचा? ती म्हणायची, गाडी चालवायची तर सगळी चालवावी, अर्धी काय चालवायची. एवढ्या मोठ्या प्रश्नावर भांडण चालू असल्यामुळं बारीकसारीक गोष्टींवर भांडायला त्यांना वेळच मिळत नसे.

बापांचंही तेच. लिंबाजींचा जन्म लाल गाडीच्या गिअरच्या दांड्यावर गेला. कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि मागं उभं राहून कुणी शिट्टी मारल्याशिवाय रिव्हर्स घ्यायचा नाही, हे दोन नियम त्यांच्या हाडात गेले होते. निवृत्तीनंतर ते स्कूटर चालवत, तेव्हाही मागं बसणाऱ्यानं पाठीवर दोन टिचक्या मारल्याशिवाय स्कूटर जागची हलत नसे. बायकोला, सरजाबाईंना, याची इतकी सवय झाली होती की भांडण असलं की त्या मुद्दाम टिचक्या मारत नसत. दोघं मग दारातच स्कूटरवर बसून राहत.

साहेबराव बाजार समितीतून निवृत्त झाले आणि त्यांनी बिनक्लचची ऑटोमॅटिक मोटार घेतली. ती ते डाव्या पायाची मांडी घालून चालवत. लिंबाजींनी हे एकदा औशाला पाहिलं आणि त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागलं नाही.

आता लग्नाचं. सोनकांबळ्यांच्या भावकीत लग्न मुलीच्या दारात होतं. साहेबरावांच्या भावकीत मुलाच्या दारात. हिवाळ्यात बोलणी चालू असताना दोन्ही बाजूंनी यावर छाती काढून सांगितलं, की मान आमचा, मांडव आमचा, लग्न आमच्याच दारात. कुणी मागं सरेना. मग उन्हाळा आला.

तो उन्हाळा लातूरला रेल्वेनं पाणी आणलं त्या सालचा. मुखेडकडं रेल्वे नाही, म्हणून टँकर होते, आणि टँकर येणार असं सांगणारे लोक होते. लिंबाजींच्या दारातला बोअर चालू केला की आतून नुसता उसासा यायचा. अशात लग्न म्हणजे लोह्यापासून निलंग्यापर्यंतचे पाहुणे. त्यांचं पिणं, त्यांचा स्वयंपाक, त्यांचे हात धुणं. मांडवात पाहुण्यानं पाणी मागितलं आणि यजमानानं दुसरीकडं बघितलं, ही गोष्ट नातवंडांच्या लग्नापर्यंत सांगितली जाते. लिंबाजींना दुसरी कसली भीती नव्हती, ही मात्र पुरेपूर होती. म्हणजे औशाला आणि मुखेडला, दोन्ही घरांत आता मनोमन एकच इच्छा होती, की हा मान समोरच्यांनी नेला तर बरं. पण इतकं छाती काढून बोलल्यावर छाती आत घ्यायची कशी? त्यामुळं दोघंही भीतीपोटी आणखी मोठ्यानं बोलू लागले.

पंचशीलाला कुणी विचारलं नाही. विहारापुढच्या ज्या मैदानावर आपण सायकल शिकलो तिथंच आपलं लग्न व्हावं, असं ती एकदा कांदा चिरताना म्हणाली होती. घरच्यांनी तिला कांदा बारीक चिरायला सांगितला.

शेवटी बैठक ठरली. साहेबराव मुलाला घेऊन मुखेडला आले, जयभीम झाला, चहा झाला, आणि त्यांनी खाकरून तोड काढली. पोरं ज्या खेळात भेटली त्याच खेळात निकाल लावू. आपण दोघं खेळू.

“जो जिंकंल त्याच्या दारात लगीन. मानाची गोष्ट हाय, इवाई.”

बोलताना साहेबरावांचा आवाज वाघासारखा होता. पण लिंबाजींनी उभा जन्म आरशातून पाठीमागचे प्रवासी ओळखले होते. त्यांनी व्याह्यांच्या डोळ्यांत पाहिलं आणि ओळखलं, हा माणूस हरायला आलाय.

“मंजूर,” लिंबाजी तितक्याच वाघासारखे म्हणाले.

शुद्धोधननं टीव्हीला गेम जोडला. साहेबरावांना ऑटोमॅटिक लावून दिलं आणि अदबीनं विचारलं, “मामा, तुम्हालाबी ऑटोमॅटिकच लावू का?” तेव्हा लिंबाजींनी वर सांगितलेलं विधान केलं. त्यातलं तत्त्वज्ञान खरं होतं, पण हेतू निराळा होता. ऑटोमॅटिकमध्ये बटन दाबलं की गाडी आपली आपण गिअर बदलत पळत सुटते, हरायला वावच नाही. मॅन्युअलमध्ये पहिल्या गिअरवर बसून राहावं, गाडी बोंबलत रांगते, माणूस अब्रूनं हरतो, आणि दोष मशिनचा निघतो.

पंच म्हणून शेजारचे शेषेराव बसले. ते नव्या जिल्ह्याच्या कृती समितीचे अध्यक्ष होते. उदगीर जिल्हा होणार आणि मुखेड त्यात जाणार, असं ते कित्येक वर्षं सांगत आले होते. नांदेड जिल्ह्यातले लिंबाजी आणि लातूर जिल्ह्यातले साहेबराव यांच्यात पंच म्हणून शेषेरावांवर कुणी हरकत घेतली नाही. ज्याचा जिल्हा अजून झालाच नाही, तो पक्षपात कुणाचा करणार?

पडद्यावर दोन मोटारी उभ्या राहिल्या, आणि पाऊस सुरू झाला. शुद्धोधननं घाईत कुठलातरी रस्ता निवडला होता, तिथं मुसळधार चालू होती. काचेवर पाणी, रस्त्यावर पाणी, कडेच्या नाल्यांतून फेसाळत पाणी. बैठक टीव्हीकडं सरकली. खिडकीत शेजारपाजारच्या बाया जमल्या. सरजाबाई चहाची परात घेऊन आल्या होत्या, त्या तशाच उभ्या राहिल्या.

“सगळं वायाच चाललंय की,” त्या म्हणाल्या.

भिंतीकडून कुणीतरी विचारलं, हा तालुका कोणता. शेषेराव म्हणाले, कोणता का असेना, नव्या जिल्ह्यात घ्यावा लागंल.

शर्यत सुटली. म्हणजे सुटायची होती. साहेबरावांची गाडी थोडी हलली आणि थांबली. लिंबाजींची पहिल्या गिअरवर बोंबलत दहा पावलं गेली आणि व्याह्यांच्या मागं येऊन उभी राहिली.

“चला की, इवाई,” लिंबाजी म्हणाले.

“आधी तुम्ही. मुलीकडचे तुम्ही, मान तुमचा.”

“तुम्ही पाहुणे. आधी पाहुणे.”

बघणाऱ्यांना वाटलं ही काहीतरी फार वरच्या दर्जाची चाल आहे. ते श्वास रोखून उभ्या दोन गाड्यांकडं बघत राहिले.

गाडी चुकूनही पुढं जाऊ नये म्हणून साहेबरावांनी ब्रेकचं बटन करकचून दाबून धरलं. आणि तिथं त्यांचं नशीब उघडलं. गाडी हळूहळू मागं सरकू लागली. लिंबाजींच्या गाडीला वळसा घालून, सुटण्याच्या रेषेकडं, आणि रेष ओलांडून त्याही मागं. पडद्यावर लाल अक्षरं उघडझाप करू लागली. शेषेरावांनी ती वाचून ‘राँग वे’ असा निर्णय जाहीर केला.

साहेबरावांचा चेहरा दुःखी होता, पण मिशा हसत होत्या.

“मी काय करू? बटन दाबायलो तर मागंच जायली. ऑटोमॅटिक हाय, तिचं तिला कळतं.”

लिंबाजींना घाम फुटला. ऑटोमॅटिकमध्ये हरायला वाव नाही हा त्यांचा सिद्धांत डोळ्यांदेखत मागं मागं चालला होता, आणि ते जागच्या जागी उभे राहून शर्यत जिंकत होते. आपणही मागं गेलं पाहिजे. त्यांनी पंचशीलाला विचारलं, रिव्हर्स कुठं. तिनं गिअर खाली घ्यायचं बटन दाखवलं. लिंबाजींनी आधी डावा पाय चटईवर दाबला. तिथं क्लच नव्हता, साहेबरावांचा पाय होता. साहेबराव विव्हळले. लिंबाजींनी न्यूट्रल केलं, क्लच पुन्हा दाबला, साहेबराव पुन्हा विव्हळले, आणि रिव्हर्स पडला.

आता फक्त अ‍ॅक्सिलरेटर दाबायचा होता. लिंबाजी दाबेनात.

“दाबा की, मामा,” शुद्धोधन म्हणाला.

“शिट्टी कुठाय?”

“कसली शिट्टी?”

“मागं माणूस हाय का जनावर हाय, कोण बघणार?”

शुद्धोधननं समजावलं की मागं कुणी नाही, कुणी असूच शकत नाही, हा खेळ आहे.

“तसंच म्हणतेत सगळे,” लिंबाजी म्हणाले. आणि अ‍ॅक्सिलरेटरवरचं बोट तसंच अधांतरी ठेवून बसून राहिले. त्यांनी शेषेरावांकडं आशेनं पाहिलं. पंचानं शिट्टी मारली तर तो पक्षपात होईल, असं शेषेराव म्हणाले. त्यांनी सरजाबाईंकडं पाहिलं. सरजाबाई पाऊस बघत होत्या.

मग त्यांनी पंचशीलाकडं पाहिलं. लहानपणी सुट्टीत ती त्यांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून यायची. कंडक्टर चहाला गेला की शिट्टी तीच मारायची, तोंडात दोन बोटं घालून, अशी की स्टँडावरची कुत्री उठून बसायची. आताही तिनं एक शिट्टी मारली असती, की अप्पा मागं गेले असते, लग्न औशाला गेलं असतं, आणि बोअरची इज्जत झाकली गेली असती. अप्पांच्या डोळ्यांत तेवढीच विनंती होती. तिला ती नीट वाचता आली.

पंचशीलानं परातीतून स्टीलचा एक पेला उचलला, चमचा उचलला, आणि पेल्यावर दोनदा वाजवलं.

टिंग टिंग.

पुढचं लिंबाजींनी केलं नाही, त्यांच्या हातापायांनी केलं. पाठ ताठ झाली. रिव्हर्समधून न्यूट्रल, न्यूट्रलमधून पहिला, आणि डाव्या पायानं जे काही दाबायचं ते इतक्या नेमानं दाबलं की साहेबरावांनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर मांडी घातली. दुसरा. तिसरा. इंजिनाचा सूर बदलला की अंगठा आपोआप खाली, वळण आलं की गिअर मागं, चढ आला की आणखी मागं, आणि सरळ रस्ता लागताच टॉप. एका वळणावर त्यांनी तोंडानं हॉर्न दिला. खिडकीतल्या बाया टाळ्या पिटू लागल्या, शेषेराव पंच असूनही उभे राहिले, भिंतीला टेकलेले लोक वळण येईल तसे एकसाथ डावीकडं, एकसाथ उजवीकडं झुकू लागले. कुणीतरी आतून ओरडलं, गाडी लोह्याला थांबंल का. लिंबाजी रस्त्यावरची नजर न हटवता म्हणाले, न्हाई, जलद हाय.

शेवटची रेष ओलांडून त्यांनी गाडी कडेला घेतली, न्यूट्रल केली, रिमोट मांडीवर ठेवलं आणि सवयीनं म्हणाले, “चला, उतरून घ्या.”

घर दणाणलं. लोक खरंच उठून उभे राहिले. आणि त्या गलक्यात लिंबाजींना हळूहळू उमगत गेलं की आपण जिंकलो.

तिकडं साहेबरावांची गाडी अजूनही मागं चालली होती. ते रिमोट टाकून उठले आणि त्यांनी लिंबाजींना घट्ट मिठी मारली.

“हरलो इवाई, लई वाईट हरलो,” ते म्हणाले. इतक्या आनंदानं हरलेला माणूस मुखेडनं त्याआधी पाहिला नव्हता.

लिंबाजींनी त्यांच्या खांद्यावरून लेकीकडं बघितलं. ती पेला पुसत होती.

“बेल कुणी दिली?” त्यांनी विचारलं.

“मी. गाडी माझ्या गावची होती, अप्पा.”

लिंबाजींनी नुसती मान हलवली. बेल देणाऱ्याशी ड्रायव्हरनं वाद घालायचा नसतो, हाही एक जुना नियम होता. आणि खरं सांगायचं तर त्यांच्या अंगठ्यात अजून टॉप गिअर थरथरत होता. तो बरा वाटत होता.

पाहुण्यांना निरोप द्यायला अख्खी गल्ली बाहेर आली. शेषेरावांनी जाहीर केलं, की नव्या जिल्ह्यातलं पहिलं लग्न आपल्याकडं होतंय. जिल्हा कधी होतोय, असं कुणी विचारलं नाही. शुद्धोधन हळूच पंचशीलाला म्हणाला, की तेवढं मॅन्युअल शिकवशील का. साहेबराव मोटारीत बसले, डाव्या पायाची मांडी घातली. लिंबाजींनी तिकडं दुर्लक्ष केलं. त्यांनी छाती काढली आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, की लग्न विहारापुढच्या मैदानावर, लेकीनं सांगितलं तिथंच होईल, मान मुखेडचा, मांडव मुखेडचा, आणि औशाच्या वऱ्हाडाला कशाची म्हणून कमी पडणार नाही.

गल्लीनं टाळ्या वाजवल्या. मोटार हलणार, तेवढ्यात लिंबाजी खिडकीशी वाकले आणि हळू आवाजात म्हणाले,

“इवाई, तेवढं वऱ्हाडाला सांगा, आंघोळ घरूनच करून या म्हणावं.”